टेक्सचा कावळा

टेक्स कंगवा चाटायचा. खिशातून काळा कंगवा काढायचा, त्याच्या दातांवरून जीभ फिरवायची आणि मग केस मागे वळवायचे. केसांना चोपडलेल्या पोमेडची चव त्याला आवडत असावी. आधी किंचित मान तिरकी, मग जीभ, मग कंगवा, आणि शेवटी दोन्ही तळहात पँटला पुसायचे. आमची ओळख होऊन दहा वर्षे झाली, पण त्याची आठवण आली की आधी ती जीभच दिसते.

आठवण येण्याचे कारण त्याचे गाणे. रविवारी दुपारी आमच्या फ्रँकफर्टच्या घरात श्रोत्यांच्या आवडीची गाणी लागतात. अजूनही महिना-दोन महिन्यांतून एखादी बाई ते गाणे मागते. पहिले चार सूर वाजले की माझी बायको कुसुम हातातले काम टाकून उठते आणि रेडिओ बंद करते. एकदाच बोलली होती, "अहो, त्या माणसाला नावं ठेवता, पण कावळा तुम्हीच दिलात ना?"

कावळा मीच दिला. ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. पण आधी टेक्सबद्दल लिहायला हवे.

त्याचे खरे नाव एगॉन. झिंडेलफिंगेनच्या एका मोटार कारखान्यात तो प्रेसवर होता आणि मी पुण्याहून आलेला शिकाऊ इंजिनियर. सत्तावन्न साल संपत आले होते. दारे आणि बॉनेट ठोकणाऱ्या त्या प्रेसच्या आवाजात माणसे एकमेकांशी खुणांनी बोलत. एगॉन मात्र गात असे. कोणालाच ऐकू येत नसे, नुसते तोंड हललेले दिसे. पट्ट्याला घोड्याच्या डोक्याचे बक्कल, गळ्यात चामड्याची दोरी, आणि जेवणाच्या सुट्टीत डोक्यावर एका अमेरिकन सार्जंटकडून मिळवलेली रुंद काठाची टोपी. कारखान्यातली माणसे त्याला टेक्स म्हणत, आधी चेष्टेने आणि मग सवयीने.

एक दिवस कँटीनमध्ये तो ताट घेऊन माझ्यासमोर बसला.

"तू इंग्रज आहेस ना?"

"नाही. भारतीय."

"पण इंग्रजी येतं."

"येतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "मग तू माझा प्रोफेसर."

शेजारच्या बॉबलिंगेनला अमेरिकन सैनिकांची छावणी होती. शनिवारी संध्याकाळी तिथल्या क्लबात त्यांच्या गावाकडची गाणी चालत : गुरे, आगगाडी, तुरुंग, दारू आणि आई. एगॉन तिथे गिटार घेऊन गायचा. अडचण एवढीच की त्याला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. सैनिकांच्या रेडिओवर ऐकून तो नुसते आवाज पाठ करायचा. त्याला हवा होता रेडिओपाशी बसून शब्द उतरवून देणारा माणूस.

मी ते काम घेतले. जर्मनीत येऊन मला चार महिने झाले होते आणि कामाशिवाय माझ्याशी कोणी बोललेले नव्हते. दर बुधवारी संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर जायचो. गाणे लागले की मी भराभर लिहायचो, सुटलेल्या ओळी पुढच्या बुधवारी. मग ते इंग्रजी जर्मन अक्षरांत आणि खाली अर्थ.

पहिल्या महिन्यात एका गाण्याचा अर्थ मी सांगितला तेव्हा तो गंभीर झाला. गाणे आईच्या मरणाचे होते. मुलगा आगगाडीतून येतो आहे, आणि तो पोचेपर्यंत ती गेलेली असते.

"मी तर हे हसत हसत म्हणतो," एगॉन म्हणाला. "टोपी उडवतो मध्येच."

"सैनिक काही म्हणत नाहीत?"

"हसतात. मला वाटलं, गमतीचं आहे."

पुढच्या शनिवारी मी ऐकायला गेलो. त्याच ओळीला त्याचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी गालावर आले. पुढच्या टेबलावरचा दांडगा सैनिक मान खाली घालून बसला. मलाही भरून आले. आवाज त्याचा खरोखरच विलक्षण होता, ते मी नाकारणार नाही. जाडसर आणि थोडा ओलसर. ऐकताना वाटायचे, हा आपल्या एकट्यालाच सांगतो आहे. नंतर मी त्याला म्हणालो, "तुला आईची आठवण आली का?"

"आई खाली स्वयंपाकघरात आहे माझी, धडधाकट," तो म्हणाला. "आरशासमोर बसवलं हे. आधी खालचा ओठ सैल सोडायचा, मग डोळे न मिटता चाळीस मोजायचे. आपोआप येतं." आणि त्याने मला करून दाखवले. चाळीस झाले तेव्हा डावा डोळा वाहू लागला, आणि त्या डोळ्याने रडत, उजव्या डोळ्याने तो माझ्याकडे बघून हसत होता.

तेव्हाच मी उठून जायला हवे होते. पण मी तिथे राहिलो, आणि त्याला कारण होते. त्या डिसेंबरात माझ्याकडे पुण्याचा एक पातळ कोट होता. एगॉनने एक दिवस स्वतःचा जाड लोकरी कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि उरलेला हिवाळा स्वतः दोन स्वेटरांवर काढला. कोणाला सांगितले नाही, कधी आठवणही करून दिली नाही. माणूस सरसकट वाईट असता तर मला हे लिहिणे सोपे गेले असते.

त्याच्याकडे एक वही होती, खिशात मावेल एवढी, रेक्झिनच्या कव्हरची. तिचा उपयोग मला फेब्रुवारीत कळला. क्लबात एक पोरगेलासा सैनिक बायकोचे पत्र घेऊन बसला होता. तिने दुसरे लग्न ठरवल्याचे कळवले होते. एगॉन त्याच्या शेजारी बसला, खांद्यावर हात टाकला आणि डोळ्यांत डोळे घालून ऐकत राहिला. त्याला चार शब्द कळले असतील तर शपथ, पण मधूनमधून तो "या, या", म्हणजे "हो, हो", म्हणत होता. आणि मग मला बोलावले, "प्रोफेसर, काय म्हणतोय ते सांग." मी सांगत गेलो. थोड्या वेळाने एगॉन उठून संडासाकडे गेला. मीही हात धुवायला गेलो, तर तो पत्र्याच्या पन्हाळीपाशी उभा राहून एका हाताने सॉसेज खात होता आणि दुसऱ्या हाताने वहीत लिहीत होता. पानावर बोटांचे तेलकट ठसे उमटत होते.

"हे काय करतोस?"

"विसरायला होतं नाहीतर," तो म्हणाला. "पत्र अंगठीला गुंडाळून पाठवलं तिने, म्हणाला ना तो? अंगठी कुठल्या बोटातली, विचारशील?"

मी परत जाऊन त्या पोराला विचारले, आणि त्याने सांगितलेले एगॉनला सांगितले.

"लोक रडतात आणि ते सगळं फुकट जातं," एगॉन नेहमी म्हणायचा. "कोणीतरी उचलायला नको?"

आता फ्राऊ हेगेले. जर्मनमध्ये बाईंना फ्राऊ म्हणतात, पुरुषाला हेर. मी बॉबलिंगेनला ज्या घरात भाड्याने राहत होतो त्या घराच्या त्या मालकीण. पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांचा नवरा ऑटो रशियाच्या आघाडीवर बेपत्ता झाला होता. शेवटचे कैदी परत आले त्यालाही तोवर दोन वर्षे होत आली होती. त्या गाड्यांत तो नव्हता.

पहिल्याच दिवशी रात्रीच्या जेवणाला त्यांनी टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. एक त्यांची, एक माझी. तिसरी निळ्या काठाची, एका बाजूला टवका उडालेली. टवका त्यांनी भिंतीच्या बाजूला वळवून ठेवला. मांडण्याआधी खिडकीचे पडदे ओढून घेतले. तिसऱ्या ताटलीत एक डाव सूप वाढले आणि खाली मान घालून जेवू लागल्या.

मला गहिवरून आले. दोनच आठवड्यांपूर्वी पितृपक्षात वडिलांची तिथी येऊन गेली होती आणि मला इथे काही करता आले नव्हते. मी त्या ताटलीला हात जोडले.

"काय करताय?" त्यांनी विचारले.

मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितले की आमच्याकडेही गेलेल्या माणसासाठी पान वाढतात. बाहेर ठेवतात. कावळा आला आणि शिवला, की समजायचे ते तृप्त झाले, आता त्यांचे मागे काही राहिले नाही.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "हेर आपटे," त्या म्हणाल्या, "माझा नवरा मेलेला नाही."

मी माफी मागितली. मग त्या सांगू लागल्या. दीर आणि चर्चचे पास्टर, दोघेही त्यांना अर्ज करायला सांगत होते. कचेरीत एका कागदावर सही केली की ऑटो कायद्याने मृत ठरणार होता. त्या सही करत नव्हत्या. ताटलीचे कळले तर गाव त्यांना वेडी ठरवील, म्हणून पडदे. "तुम्ही परके आहात म्हणून तुमच्यासमोर मांडते," त्या म्हणाल्या. "हे या खोलीबाहेर जाऊ नये."

मी शब्द दिला. आईची शपथ म्हणतात ते जर्मनमध्ये कसे म्हणायचे ठाऊक नव्हते, म्हणून मराठीत म्हणालो. त्यांना कळले.

तो शब्द मी पुढच्या वर्षी पितृपक्षातल्या एका बुधवारी मोडला. घरून पत्र आले होते, वडिलांच्या श्राद्धाचे. एगॉनच्या खोलीत रेडिओ खरखरत होता, गाणे पकडता येत नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले आणि रेडिओ बंद केला.

"आज काय झालंय तुला?" तो म्हणाला आणि खांद्यावर हात ठेवला. "आल्झो, बरं, सांग."

तो हात मी सैनिकाच्या खांद्यावर पाहिला होता. तरीही सांगू लागलो. वडिलांचे सांगितले, गच्चीवर ठेवलेल्या पानाचे सांगितले, आईने मारलेल्या "काव काव" अशा हाका सांगितल्या. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे थोडे विझू लागल्यासारखे वाटले. पुणे फार लांब होते त्याला. आणि मला ते सहन होईना. वर्षभरात माझे कोणी ऐकले नव्हते. म्हणून मी म्हणालो, "इथेसुद्धा आहे अशी एक बाई."

त्याचे डोळे पुन्हा पेटले.

मी पडदे सांगितले, निळा काठ सांगितला, टवका सांगितला. नाव सांगितले नाही, याचे मला तेव्हा समाधान होते. आणि एक गोष्ट बदलली. तिचा नवरा मेलेला आहे, असे सांगितले. तिने मला स्पष्ट सांगितले होते की तो मेलेला नाही. पण त्याच्याशिवाय माझा कावळा त्या गोष्टीत बसत नव्हता, आणि कावळ्यामुळे गोष्ट पुरी होत होती. ती वाट पाहते आहे, तिला ठाऊक नाही की तो गेला, असे मी म्हणालो. एगॉनच्या डोळ्यांतून पाणी आले. चाळीस न मोजता आले की मोजून, मला आजही सांगता येणार नाही.

गाणे पुढच्या वसंतात आले. त्याचे पहिले जर्मन गाणे. रेकॉर्ड काढणाऱ्या माणसाला कावळा नको होता, कबूतर हवे होते. एगॉन अडून बसला. "कबूतर सगळेच घालतात," तो म्हणाला, आणि तिथे त्याचे बरोबर होते. 'दोन ताटल्या' असे नाव. एक बाई रोज दोन ताटल्या मांडते, पडदा ओढते, 'सूप निवत चाललंय, मार्टिन' म्हणते. शेवटच्या कडव्यात ती एका बर्फाळ सकाळी खिडकी उघडते, एक काळा पक्षी उतरतो, निळ्या काठावर बसून एक घास घेतो आणि उडून जातो. 'आता झोप,' ती म्हणते. बस्स. त्या 'आता झोप'ला त्याचा आवाज असा काही उतरायचा की खानावळीतली माणसे म्युझिक बॉक्समध्ये पुन्हा नाणे टाकायची. महिन्याभरात त्याचा कारखाना सुटला. पोस्टरवर तिथल्या नेकार नदीवरून 'नेकारकाठचा काउबॉय' असे नाव आले.

फ्राऊ हेगेलेंनी ते रविवारी दुपारी ऐकले. त्या श्पेट्झले करत होत्या, म्हणजे सैलसर पीठ लाकडी फळीवर घेऊन सुरीने त्याच्या बारीक पट्ट्या उकळत्या पाण्यात खरवडायच्या. मी टेबलाशी पेपर वाचत होतो. पडद्याचे कडवे आले, सुरी चालू राहिली. निळा काठ आला, सुरी चालूच होती. मला वाटले, त्यांचे लक्ष नाही. मग कावळा आला.

सुरी थांबली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. ताटली मांडणाऱ्या बायका त्या देशात आणखीही असतील. पण ताटलीवर कावळा उतरवणारा माणूस अख्ख्या बॉबलिंगेनमध्ये एकच होता. पाणी उतू जाऊन शेगडीवर चरचरले. त्यांनी उरलेले पीठ खरवडून संपवले, फळी धुतली, सुरी पुसली.

त्या संध्याकाळी त्यांनी पडदे ओढले नाहीत. टेबलावर दोनच ताटल्या आल्या, आणि निळ्या काठाची त्यांनी माझ्यासमोर ठेवली, टवका माझ्या बाजूला करून.

"आजपासून तुम्ही यात," त्या म्हणाल्या.

"फ्राऊ हेगेले, मी..."

"गार होईल."

मी जेवलो. घास तोंडात फिरत होता, तरी जेवलो. चमचा टवक्यावर घासला की खर्र असा आवाज यायचा आणि त्या वर बघत नसत. पुढे सव्वा वर्ष मी त्या घरात राहिलो आणि रोज त्या ताटलीत जेवलो. परक्या माणसाला खोली मिळणे कठीण होते, हे खरे. पण मी दुसरी शोधलीही नाही.

गावात बातमी कशी फुटली ते मी विचारले नाही. एगॉननेच कुठेतरी बिअरच्या टेबलावर माझी घरमालकीण म्हटले असणार. पावाच्या दुकानात बायका त्यांचा हात हातात घेऊन सांत्वन करू लागल्या. जूनमध्ये एक दिवस त्या काळा कोट घालून कचेरीत गेल्या आणि सही करून आल्या. मला एवढेच म्हणाल्या, "सगळ्यांना कळलं होतं. मीच तेवढी उरले होते."

त्यानंतर आठवड्याने दारावरची घंटा वाजली. मी उघडले तर एगॉन, हातात लिलीची फुले आणि मागे एका साप्ताहिकाचा फोटोग्राफर. दारातच त्याने कंगवा काढला, चाटला आणि केस बसवले.

"ताटलीबरोबर एक फोटो, प्रोफेसर. ती आणि मी. तिलाही बरं वाटेल."

मी त्याला हाकलायला हवे होते. मी बाजूला झालो. फ्राऊ हेगेलेंनी दोघांना बसवले, कॉफी दिली, फुले बादलीत ठेवली. आमचे जेवण अर्धे झाले होते. फोटोग्राफरने अदबीने ताटलीचे विचारले.

"ती ना?" त्यांनी माझ्यापुढे बोट दाखवले. ताटलीत कोबी होता, अर्धवट चघळून मी काढून ठेवलेले एक हाड होते. "ती सध्या वापरात आहे."

फोटोग्राफरला हसावे की नाही कळेना. एगॉनने मात्र ताटलीकडे फार बारकाईने पाहिले. मला वाटले, शरमला. पण त्याची नजर टवक्यावर होती. तो टवका केवढा आहे ते बघत होता.

त्याला पोचवायला मी फाटकापर्यंत गेलो आणि तिथे म्हणालो, "तू त्या बाईला विधवा केलंस."

त्याला खरेच वाईट वाटले. चेहरा पडला. "मी?" तो म्हणाला. "प्रोफेसर, मला काय माहीत तो नुसता बेपत्ता आहे म्हणून? तूच म्हणालास, मेलाय. आणि कावळा काय माझा होता?"

त्याचा कोट अजून माझ्याकडेच होता. उन्हाळा असूनही मी तो आतून आणून त्याला दिला. त्याने तो खांद्यावर टाकला आणि फोटोग्राफरमागून निघून गेला.

मी फ्रँकफर्टला आलो, लग्न झाले. फ्राऊ हेगेलेंना नाताळात पत्र पाठवतो. उत्तर येते, हवामानाचे.

एगॉनला मी शेवटचा पाहिला तो दोन वर्षांपूर्वी. भुयारी रेल्वेसाठी इथले रस्ते खणून ठेवले होते. कुसुम आणि मी फळ्यांवरून तोल सांभाळत एका मोठ्या दुकानात जेवणाचे टेबल बघायला गेलो होतो. फर्निचरच्या मजल्यावर गर्दी होती. मध्ये एक नवे टेबल, त्यावर दोन ताटल्या, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. मागे टेक्स. पोट सुटले होते, टोपी तीच. खांद्यावर तारेने बसवलेला पेंढा भरलेला कावळा, आणि त्याच्या एका पंखाची पिसे झडली होती.

त्याने ते गायले. 'आता झोप'ला पुढच्या बायकांनी पर्स उघडून रुमाल काढले. माझेही डोळे भरले. कुसुमने ते पाहिले आणि तोंड फिरवले. मला स्वतःची जेवढी किळस त्या क्षणी आली तेवढी ताटलीपुढेही आली नव्हती.

गर्दी पांगल्यावर तो आला. कंगवा, जीभ, केस. "प्रोफेसर," म्हणाला आणि मला मिठी मारली. कावळ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मग त्याने मला हातभर लांब धरून पाहिले.

"वाळलास. घरी सगळे ठीक?"

माझी आई त्या वसंतात गेली होती. मला जाता आले नव्हते. दहाव्याला कावळा शिवेना, दुपार झाली तरी शिवेना, आणि शेवटी भावाने माझे नाव घेऊन पिंडापुढे काय म्हटले ते त्याने पत्रात कळवले होते. ते पत्र मी कुसुमशिवाय कोणाला दाखवलेले नव्हते.

"आई गेली," मी म्हणालो.

त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. खालचा ओठ सैल झाला. "आल्झो," तो हळू म्हणाला, "सांग."

"अहो," कुसुम म्हणाली, "चला." तिने माझी बाही धरली. "अहो."

"दहाव्या दिवशी आमच्याकडे," मी सांगू लागलो. कुसुमने बाही सोडली आणि ती जिन्याकडे चालू लागली. एगॉनचे ओले डोळे माझ्यावरून हलले नाहीत. त्याचा दुसरा हात मात्र कोटाच्या खिशात गेला, आणि रेक्झिनचा कोपरा बाहेर आला. मला तो दिसला. मी पुढे सांगत राहिलो.